आधी प्रश्नपत्रिका वाचा, मग नाही म्हणा

पालकहो,

जानेवारी-फेब्रुवारी आला की ओळखीच्या मराठी घरांतून मला फोन यायला लागतात. फोन हॅरोचा असो, स्लाउचा असो की मिल्टन कीन्सचा, बोलणं साधारण एकच असतं. मुलीने जी.सी.एस.ई.नंतर सिक्स्थ फॉर्मला बायॉलॉजी आणि सायकॉलॉजीबरोबर तिसरा विषय म्हणून पी.ई. (शारीरिक शिक्षण) निवडलाय, आणि आई-बाबांची झोप उडालीय. "तुम्ही तोच विषय शिकवता, तुमचं ऐकेल ती. जरा समजवा ना." केमिस्ट्री जमत नसेल तर इकॉनॉमिक्स घेऊ दे, जॉग्रफी घेऊ दे, पण खेळ हा काय परीक्षेचा विषय झाला?

या काळजीचा मला कधीच राग येत नाही. घरदार, आई-वडील मागे ठेवून आपण इंग्लंडमध्ये आलो ते बहुतेक मुलांच्या शिक्षणाकडे बघूनच. आणि आपण ज्या शाळांत शिकलो तिथे पी.टी.चा तास म्हणजे गणिताच्या सरांनी पोर्शन संपवायला मागून घ्यायचा तास होता. बारावीच्या गुणपत्रिकेत आरोग्य व शारीरिक शिक्षणासमोर एक श्रेणी असायची, ती टक्क्यांत धरली जायची नाही, म्हणून कोणी तिच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. एवढंच पाहिलेल्या माणसाला मुलगी दोन वर्षं वाया घालवतेय असं वाटलं, तर त्यात नवल नाही.

माझी विनंती एवढीच आहे. नाही म्हणायचं तर खुशाल म्हणा, पण त्याआधी या विषयाची एखादी जुनी प्रश्नपत्रिका वाचा. परीक्षा मंडळांच्या संकेतस्थळांवर त्या फुकट मिळतात. जेवणं झाल्यावर मुलीला शेजारी बसवा आणि पहिली चार पानं दोघांनी मिळून वाचा.

आधी हिशेब सांगते. इंग्लंडमध्ये ए-लेव्हल पी.ई.चा सध्याचा अभ्यासक्रम २०१६ पासून शिकवला जातो. मंडळ कोणतंही असो, एकूण गुणांपैकी ७० टक्के लेखी परीक्षेचे आणि ३० टक्के प्रात्यक्षिकाचे. ए.क्यू.ए. मंडळाचे दोन पेपर असतात, प्रत्येक दोन तासांचा, १०५ गुणांचा. त्यात एकेका गुणाच्या प्रश्नांपासून ८ आणि १५ गुणांच्या दीर्घोत्तरांपर्यंत सगळं असतं, आणि त्या दीर्घोत्तरांत मुलांची खरी कसोटी लागते. तुमच्या भावा-बहिणीची मुलं भारतात सी.बी.एस.ई.ला असतील तर त्यांना विचारा: अकरावी-बारावीचं शारीरिक शिक्षण तिथेही ७० गुण लेखी आणि ३० गुण प्रात्यक्षिक असंच आहे.

आता त्या ७० टक्क्यांत काय असतं ते जरा सावकाश सांगते, कारण गैरसमज इथेच आहे.

बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण ७० ठोके देतं आणि दर ठोक्याला ७० मिलिलिटरच्या आसपास रक्त बाहेर ढकलतं. गुणाकार केला की मिनिटाला जवळजवळ ५ लिटर. आता वर्षानुवर्षं पोहणारी एक मुलगी घ्या. बसल्या जागी तिचे ठोके पन्नासच पडतात. मग तिच्या शरीराला रक्त कमी पडतं का? पडत नाही. सरावाने तिच्या हृदयाचा डावा कप्पा मोठा आणि बळकट झालाय, तो एका ठोक्याला १०० मिलिलिटर ढकलतो, म्हणजे पुन्हा ५ लिटरच. मग इतक्या वर्षांच्या सरावाने मिळवलं काय? ते शर्यतीत कळतं. पूर्ण जोर लावल्यावर सराव नसलेल्याचं हृदय मिनिटाला २० लिटरच्या आसपास रक्त फिरवतं, तर कसलेल्या खेळाडूचं ३० लिटरच्याही पुढे जातं. परीक्षेत हे आकडे पाठ म्हणून दाखवायचे नसतात. आलेख समोर असतो, आणि हे असं का घडतं ते कारणांसह लिहायचं असतं: मज्जासंस्था काय करते, रक्तवाहिन्या कुठे रुंदावतात आणि कुठे आक्रसतात, तापलेल्या स्नायूपाशी पोचल्यावर हिमोग्लोबिन आपला ऑक्सिजन लवकर का सोडतं. हा भाग शिकवताना वर्गातली बायॉलॉजीवाली मुलं चटकन पुढे जातात आणि बाकीच्यांना मला दुप्पट वेळ द्यावा लागतो.

मग ऊर्जेचं प्रकरण. पहिल्या आठ-दहा सेकंदांच्या जोरकस धावेला लागणारी ऊर्जा स्नायूत साठवलेल्या फॉस्फोक्रिएटिनमधून येते. ते संपलं की अर्ध्या मिनिटात सुमारे निम्मं भरून येतं, पूर्ण भरायला तीनेक मिनिटं लागतात. एवढं समजलेली बॅडमिंटनपटू लांबलेल्या रॅलीनंतर शटल उचलायला सावकाश का जायचं ते कोणी न सांगता ओळखते. हे ज्ञान ज्यांनी उभं केलं त्यांत ए. व्ही. हिल हे इंग्रज शास्त्रज्ञ होते. स्नायूंत उष्णता कशी निर्माण होते यावरच्या कामासाठी त्यांना १९२२ चं नोबेल मिळालं, आणि धावणाऱ्या माणसाला किती ऑक्सिजन लागतो हे मोजण्यासाठी ते स्वतः धावले. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डला चार मिनिटांच्या आत मैल धावणारे रॉजर बॅनिस्टर वैद्यकाचे विद्यार्थी होते, पुढे ते मेंदू-मज्जाविकारांचे डॉक्टर झाले. ट्रेडमिलवर धावणाऱ्यांच्या श्वसनावर त्यांनी संशोधन केलं होतं. विज्ञान आणि मैदान या दोन वाटा एकमेकींना छेदत नाहीत असं मानणाऱ्यांनी या दोघांचं आयुष्य जरूर वाचावं.

यापलीकडे न्यूटनचे नियम, तरफा, हवेत गिरकी घेणाऱ्या जिम्नॅस्टचा कोनीय संवेग, फिरकी घेतलेला चेंडू हवेत का वळतो, हे सगळं आहे. मानसशास्त्रही आहे. पण मला सर्वांत प्रिय असलेला भाग वेगळाच आहे: कौशल्य शिकलं कसं जातं, आणि एका खेळात शिकलेलं दुसऱ्या खेळात किती उपयोगी पडतं. तो शिकवताना मी कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं उदाहरण देते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते उतरले तेव्हा त्यांची सगळी कुस्ती तांबड्या मातीत घडलेली होती, आणि इथे समोर मॅट होती. पकड, तोल, प्रतिस्पर्ध्याचा डाव आधीच ओळखणं, हे सगळं मातीतून मॅटवर आपसूक आलं. पण मातीत पाय रोवायची सवय मॅटवर आडवी येते, आणि पाठ टेकवली की कुस्ती संपली हा आपला हिशेबही तिथे पुरत नाही, कारण तिथे घड्याळ चालू असतं आणि गुण मोजले जात असतात. तरीही फ्लायवेट गटात ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला बँटमवेटमध्ये ब्राँझ मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. शिकण्याच्या संक्रमणाचा हा धडा, साधक आणि बाधक दोन्ही बाजूंनी, इतका स्वच्छ दुसऱ्या कुठल्या उदाहरणातून उलगडलेला मला माहीत नाही. परीक्षेत खेळातली उदाहरणं द्या असं वारंवार सांगितलेलं असतं. ती फुटबॉलचीच हवीत असं कुठेही म्हटलेलं नाही.

समाजशास्त्राच्या भागात तर आपलं पुणं थेट डोकावतं. खेळांना नियम, क्लब आणि वेळापत्रक कसं आलं हे या अभ्यासक्रमात औद्योगिक क्रांतीपासून शिकवतात: रेल्वे आली, कामगारांना शनिवारची अर्धी सुट्टी मिळाली, १८६३ मध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली, १८७७ मध्ये विम्बल्डन सुरू झालं. त्याच काळात पुण्याच्या छावणीत ब्रिटिश अधिकारी शटलकॉकचा एक खेळ खेळत होते. त्याला ते 'पूना'च म्हणत. नियम हिंदुस्थानातून इंग्लंडला आले आणि ग्लॉस्टरशरमधल्या ड्यूक ऑफ बोफर्टच्या बॅडमिंटन हाउसचं नाव त्या खेळाला चिकटलं. आणि खेळ कोणाला खेळू दिला जातो, कोणाला नाही, हा प्रश्न आला की बाळू पालवणकरांशिवाय माझा तास पुरा होत नाही. पुण्याच्या युरोपियनांच्या क्लबात नोकरी करता करता गोऱ्या फलंदाजांना नेटमध्ये गोलंदाजी करणारा हा चर्मकार समाजातला फिरकी गोलंदाज. हिंदू संघाला त्याची गोलंदाजी हवी होती, पण चहाच्या वेळी त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या संघातून ते या देशात आले आणि त्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. माझ्या वर्गातल्या गोऱ्या, काळ्या, पंजाबी, सोमाली मुलांना हे नाव आधी ठाऊक नसतं. ऐकल्यावर ती विसरत नाहीत. आपल्या मुलांनाही बहुतेकदा ठाऊक नसतं, याचं मात्र मला वाईट वाटतं.

आता ३० टक्के. या बाबतीत मी तुम्हाला सावध करणार आहे, कारण उत्साहाच्या भरात विषय घेणारी मुलं अडकतात ती इथेच. जी.सी.एस.ई.ला तीन खेळ दाखवायचे असतात, ए-लेव्हलला एकच, खेळाडू म्हणून किंवा प्रशिक्षक म्हणून. क्रिकेट, बॅडमिंटन, टेबल टेनिस, पोहणं, अॅथलेटिक्स, नृत्य, असे कितीतरी प्रकार यादीत आहेत. पण तो खेळ खऱ्या सामन्यात, पूर्ण स्वरूपात, प्रतिस्पर्धी समोर असताना कसा खेळता येतो यावर गुण मिळतात. शाळेच्या मैदानावर गुरुवारी दुपारी दोन फटके मारून ते मिळत नाहीत. वरच्या पट्टीतले गुण मिळवणारी मुलं जवळजवळ सगळी बाहेरच्या क्लबात नियमित खेळणारी असतात. शिवाय स्वतःच्या खेळातली कमजोरी शोधून, ती कशामुळे आहे आणि कशी सुधारता येईल याचं विश्लेषण मंडळाच्या पद्धतीप्रमाणे लेखी किंवा तोंडी सादर करावं लागतं. म्हणून मूल सध्या कुठलाच खेळ स्पर्धेत खेळत नसेल, केवळ विषय सोपा वाटला म्हणून घेत असेल, तर मीच त्याला घेऊ नको सांगते. विषय सोपा नाहीच. या विषयात ए आणि ए-स्टार मिळवणाऱ्यांचं प्रमाण गणितापेक्षा बरंच कमी असतं.

आणि इथे तुमच्याबद्दलही थोडं बोलू द्या. आपल्या घरांत एक रीत पडलीय. मूल सहाव्या-सातव्या वर्षी क्रिकेटला, पोहायला, बॅडमिंटनला घालायचं, दर शनिवारी-रविवारी थंडीवाऱ्यात गाडी काढून न्यायचं, काउंटीच्या वयोगट-संघापर्यंत पोचवायचं आणि दहावीचं वर्ष आलं की, "आता पुरे, आता अभ्यास." आठ-नऊ वर्षं कमावलेलं कौशल्य नेमकं त्या वयात थांबतं, ज्या वयात ते पक्कं व्हायचं असतं. मुलींचं तर त्याही आधी. बारा-तेराव्या वर्षापासून उन्हात काळी पडशील, पाळीत पोहायला कशाला जातेस, एवढे मोठे खांदे बरे दिसत नाहीत, हे आजीचं बोलणं व्हिडिओ कॉलवरून येतं आणि आईही त्याला हसून साथ देते. स्पोर्ट इंग्लंडला २०१५ मध्ये खास मुली-बायकांसाठी मोहीम काढावी लागली, कारण लोक काय म्हणतील या भीतीने खेळ सोडणाऱ्या इथल्या मुलीही कमी नाहीत. माझ्या वर्गात येणारी प्रत्येक मराठी मुलगी हा सगळा विरोध ओलांडून आलेली असते. तिला पी.ई. घेऊ द्यायचं की नाही हे तुम्ही ठरवा, पण हे ती ऐकत मोठी झालीय हे लक्षात असू द्या.

विद्यापीठांचं काय, हा तुमचा खरा प्रश्न, तो मी टाळणार नाही. विद्यापीठ प्रवेश हाताळणाऱ्या यूकॅसच्या गुणांकनात पी.ई.चा ए आणि फिजिक्सचा ए सारखाच, ४८ गुणांचा. ए-स्टार ५६ चा. रसेल ग्रूप या नामांकित विद्यापीठांच्या गटाची 'वाटा खुल्या ठेवणाऱ्या' विषयांची एक यादी असायची, आणि पी.ई. तिच्यात नव्हतं. ती यादी त्यांनी २०१९ मध्ये मागे घेतली, तरी आपल्या व्हॉट्सअॅप गटांत ती अजून फिरतेय. म्हणून कुठेही काहीही चालतं असं समजू नका. वैद्यकाला बहुतेक ठिकाणी केमिस्ट्री लागते आणि सोबत बायॉलॉजी. ती दोन घेतल्यावर तिसरा विषय पी.ई. असलेला अनेक ठिकाणी चालतो. इंजिनिअरिंगला गणित आणि फिजिक्स सोडून चालणार नाही. काही नामांकित विद्यापीठं तिन्हींपैकी दोन विषय तरी पारंपरिक असावेत अशी अपेक्षा ठेवतात. फिजिओथेरपीला मात्र बायॉलॉजी किंवा पी.ई. यांपैकी एक मागणारे अभ्यासक्रम बरेच आहेत. क्रीडाविज्ञानासाठी लफबरा तर जगात अनेक वर्षं अग्रस्थानी मानलं जातंय, बाथ आणि बर्मिंगहॅमही नावाजलेली आहेत. पोषणशास्त्र, कृत्रिम अवयव, शिक्षकी पेशा, संघांसाठी आकडेवारीचं विश्लेषण, हेही रस्ते इथूनच फुटतात. सार एवढंच की मुलीला पुढे काय करायचंय ते आधी विचारा, त्या अभ्यासक्रमाचं पान उघडा आणि मग बाकीचे दोन विषय ठरवा. पी.ई.बरोबर बी-टेक (BTEC) स्पोर्ट हा व्यावसायिक अभ्यासक्रमही घेऊन एकाच गोष्टीचा दोनदा अभ्यास करू नये, असं माझं मत आहे.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. या अभ्यासक्रमात बैठं आयुष्य आणि हृदयविकार यांचा संबंध शिकवावा लागतो, आणि त्या वेळी मी संशोधक जेरी मॉरिस यांचं काम सांगते. १९५३ मध्ये त्यांनी लंडनच्या दुमजली बसच्या चालकांची आणि कंडक्टरांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांची नोकरी एकाच बसवर, पण दिवसभर जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी, बसून असणाऱ्या चालकांना जास्त. आपण दक्षिण आशियाई माणसं या देशात मधुमेह आणि हृदयविकाराच्या बाबतीत अधिक धोक्यात आहोत. आपल्यासाठी वजनाचा निर्देशांक (बी.एम.आय.) २३ च्या पुढे गेला की सावध व्हा, असं एन.एच.एस. सांगतं. गोऱ्यांना ती सीमा २५ आहे. वर्गात हे शिकलेली मुलं घरी जाऊन बाबांच्या पोटाकडे बघतात, आईला जिना चढून लागलेली धाप त्यांच्या लक्षात येते. एका मुलाने स्वतःच्या वडिलांसाठी सहा आठवड्यांची चालण्याची योजना आखून मला तपासायला दिली होती. त्यात भार कसा आणि किती वाढवायचा याची तत्त्वं त्याने बिनचूक वापरली होती.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. सिक्स्थ फॉर्मच्या माहितीच्या संध्याकाळी जाल तेव्हा निकालांच्या फलकाशी थबकू नका, शिक्षकांना गाठा. कोणतं मंडळ आहे विचारा, कारण ओ.सी.आर.ला तीन पेपर असतात आणि विश्लेषण तोंडी असतं, ज्याला लिहिण्यापेक्षा बोलणं जमतं त्याला ते बरं पडतं. विज्ञानात किमान कोणती श्रेणी मागतात, जी.सी.एस.ई. पी.ई. नसलं तर घेतात का, हे कॉलेजगणिक बदलतं. तुमच्या मुलाचा खेळ तिथल्या कोणाला नीट पारखता येतो का, हेही विचारा: फुटबॉलवाल्या शिक्षकाला टेबल टेनिसचे गुण देताना अडचण येते, मग बाहेरच्या प्रशिक्षकाची मदत लागते. सप्टेंबरात पहिले काही आठवडे विषय बदलायची मुभा बहुतेक ठिकाणी असते, तीही तारीख लिहून घ्या. आणि प्रवेश घेतलाच तर सामन्यांचं चित्रीकरण पहिल्या वर्षाच्या हिवाळ्यापासूनच करून ठेवा, पूर्ण सामना, पाठीवरचा क्रमांक दिसेल असा. गुण तपासणारे बाहेरचे परीक्षक पुरावा मागतात. नंतर काढू म्हणून ठेवलेलं चित्रीकरण ऐन वेळी राहून जातं, आणि दुसऱ्या वर्षी जानेवारीत गुडघा दुखावला तर दाखवायला आधी केलेलं चित्रीकरणच हातात उरतं.